वाचकांचे प्रश्न : नायजेरियात माणसं किती, आणि ते ठरवायचं कसं?

गेल्या अंकातल्या आफ्रिकेवरच्या टिपणीत आम्ही नायजेरियाची लोकसंख्या ‘सुमारे २३ कोटी’ दिली होती. त्या एका आकड्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलं आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : तुम्ही २३ कोटी म्हणता. मुलाच्या पुस्तकात १४ कोटी आहे. एका बातमीत २१ कोटी ६८ लाख वाचलं. यातला खरा आकडा कोणता?

उत्तर : दारोदार जाऊन मोजलेला आकडा यात एकच आहे, तो म्हणजे पुस्तकातला. मार्च २००६ च्या जनगणनेत १४,०४,३१,७९० माणसांची नोंद झाली. त्यानंतर नायजेरियात जनगणना झालेलीच नाही. २१ कोटी ६८ लाख हा तिथल्या राष्ट्रीय लोकसंख्या आयोगाचा २०२२ सालासाठीचा अंदाज आहे. आमचा २३ कोटींचा आकडा संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजावरून घेतला होता. तो नेमका सांगायचा तर २३ कोटी २७ लाखांच्या आसपास आहे. टिपणीत साल आणि स्रोत दोन्ही द्यायला हवे होते.

असे अंदाज किती हलतात हे घरी कागद-पेन्सिल घेऊन पाहता येईल. आधी वाढीचा वेग काढा. १९९१ च्या जनगणनेत ८,८९,९२,२२० लोक होते. अनेक जण इथे १९९१ ते २००६ म्हणजे १५ वर्षं धरतात आणि त्यांचा वेग ३.१ टक्के निघतो. पण पहिली गणना नोव्हेंबरात झाली आणि दुसरी मार्चमध्ये. म्हणजे मधला काळ सव्वाचौदा वर्षांहून थोडाच जास्त भरतो. त्यानं हिशोब केला की वेग ३.२ टक्क्यांवर जातो, आणि सरकारी कागदांतही हाच वेग सापडतो.

आता २००६ चा आकडा १७ वर्षं पुढे न्या, म्हणजे २०२३ पर्यंत. वर्षाला ३.२ टक्के धरले तर १४.०४ कोटींना १.०३२ ने सतरा वेळा गुणायचं. उत्तर येतं जवळजवळ २४ कोटी. वेग मंदावून २.६ टक्के झाला असं धरलं तर उत्तर २१ कोटी ७२ लाख. वेगात अर्ध्या टक्क्याहून जरा जास्त फरक पडला, तर माणसांत सव्वादोन कोटींचा पडला. शिवाय पायाच चुकीचा असेल, २००६ चा आकडा दहा टक्के फुगलेला किंवा आखडलेला असेल, तर वेग कितीही अचूक धरला तरी पुढचं सगळं दहा टक्क्यांनी चुकणार.

संयुक्त राष्ट्रांची पद्धत याहून सूक्ष्म आहे. ते वयोगट आणि लिंगानुसार लोकसंख्या मांडतात, मग दरवर्षी प्रत्येक गटातले मृत्यू वजा करतात, जन्म मिळवतात, स्थलांतराचा हिशोब घालतात. जन्म-मृत्यूचे दर मोठ्या नमुना पाहण्यांमधून येतात. पण सुरुवातीला कुठली तरी जनगणना धरावीच लागते, त्यामुळे पायाचा प्रश्न तिथेही सुटत नाही.

प्रश्न : जनगणनेवरून इतकं राजकारण का? शेवटी ती माणसांची मोजदादच ना?

उत्तर : कारण त्या मोजदादीवर पैसा आणि जागा दोन्ही ठरतात. तेल आणि करांतून मिळणारा महसूल संघराज्याच्या खात्यात जमा होतो. तेल ज्या राज्यांत निघतं त्यांना १३ टक्के आधी बाजूला काढून दिले जातात. उरलेल्यातले ५२.६८ टक्के केंद्राकडे, २६.७२ टक्के ३६ राज्यांकडे आणि २०.६० टक्के स्थानिक शासन क्षेत्रांकडे जातात. राज्यांचा वाटा आपसांत वाटताना ४० टक्के रक्कम सगळ्यांना समान मिळते, पण ३० टक्के लोकसंख्येच्या प्रमाणात. बाकीच्या ३० टक्क्यांसाठी भूभाग, राज्याचा स्वतःचा महसूल आणि शिक्षण-आरोग्य-पाणी हे निकष आहेत. म्हणजे माणसं जास्त दाखवली की दर महिन्याचा हप्ता वाढतो.

जागांचंही तसंच. सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला तीन जागा, मग राज्य लहान असो की मोठं. प्रतिनिधिगृहाचे ३६० मतदारसंघ मात्र शक्यतो समान लोकसंख्येचे असावेत असं राज्यघटना सांगते. उत्तर आणि दक्षिण यांच्यात बहुमत कुणाचं, हा देशाच्या जन्मापासूनचा वाद या आकड्यांतूनच लढवला गेला.

कानो आणि लागोस ही दोन राज्यं जवळून पाहा. २००६ च्या गणनेत उत्तरेतल्या कानोत सुमारे ९४ लाख लोक निघाले आणि समुद्रकाठच्या लागोस राज्यात सुमारे ९१ लाख. लागोस राज्य सरकारला हे मान्य झालं नाही. त्यांनी त्याच वेळी स्वतंत्र गणना केली होती आणि त्यांचा आकडा होता १ कोटी ७५ लाख. एकाच जागी, एकाच वर्षी ८४ लाखांचा फरक! वाद जनगणना न्यायाधिकरणापर्यंत गेला आणि २०१३ मध्ये लागोसमधल्या काही क्षेत्रांचे अधिकृत आकडे न्यायाधिकरणानं रद्दही ठरवले. आमच्या मते दोन्ही आकडे डोळे मिटून घेण्यासारखे नाहीत. राज्य सरकारलाही आकडा मोठा निघण्यात तितकाच रस होता.

यात आणखी एक गुंता आहे. लागोसमध्ये मान्यताप्राप्त स्थानिक शासन क्षेत्रं २० आहेत, कानोत ४४. कानोतून १९९१ मध्ये जिगावा हे राज्य वेगळं काढलं गेलं, त्याची २७. म्हणजे एके काळच्या एका कानो राज्याला आज ७१ क्षेत्रांचा निधी मिळतो. देशभरात अशी ७७४ क्षेत्रं आहेत आणि त्यांच्या वाट्यातला मोठा भाग क्षेत्रागणिक समान वाटला जातो. लागोसनं २००३ मध्ये आपली ३७ जादा क्षेत्रं निर्माण केली, पण संघराज्याच्या यादीत ती अजून नाहीत.

प्रश्न : २००६ च्या आधीच्या जनगणना तरी विश्वासार्ह आहेत का? खोटा आकडा ओळखायचा कसा?

उत्तर : आकडे एकमेकांशेजारी मांडले की बरंच कळतं. १९५२-५३ मध्ये इंग्रजांच्या काळात झालेल्या गणनेत सुमारे ३ कोटी लोक निघाले. ती गणना कर बसवण्यासाठी आहे असा समज असल्यानं अनेकांनी माणसं लपवली, म्हणून हा आकडा कमी असणार असं अभ्यासक मानतात. १९६० ला स्वातंत्र्य मिळालं आणि १९६२ च्या गणनेत चक्र उलटं फिरलं. दक्षिणेतल्या प्रदेशांनी प्रचंड वाढ दाखवली. मग उत्तरेत फेरतपासणी झाली आणि तिथे ८० लाखांहून जास्त माणसं वाढली. शेवटी ती गणना रद्द करून १९६३ मध्ये नवी घेतली गेली. तिचा आकडा ५ कोटी ५६ लाख ७० हजार.

आता हिशोब करा. साधारण अकरा वर्षांत ३ कोटींचे साडेपाच कोटी व्हायचे तर दरवर्षी पाच टक्क्यांच्या वर वाढ हवी. बाहेरून मोठं स्थलांतर नसेल तर वाढ म्हणजे जन्म वजा मृत्यू. हजारी जन्म फार तर ५० च्या आसपास जातात, आणि त्या काळच्या नायजेरियात हजारी मृत्यूही वीसच्या खाली नव्हते. म्हणजे तीन टक्के ही जवळजवळ कमाल झाली. १९५२ ची तूट वाजवी तेवढी भरून घेतली तरी १९६३ चा आकडा बसत नाही.

दुसऱ्या बाजूनंही तपासा. १९६३ ते १९९१ या २८ वर्षांत ५.५७ कोटींचे ८.९० कोटी झाले, म्हणजे वर्षाला फक्त १.७ टक्के. बाईला सरासरी सहा मुलं होत असलेल्या देशात हे अशक्य. १९६३ चा आकडा दोन्ही टोकांनी फुगलेला दिसतो. १९९१ चा निकाल लागला तेव्हा जगभरचे अंदाजकर्ते चकित झाले होते. त्यांनी ११ कोटींहून जास्त लोक धरले होते, कारण त्यांचा पाया १९६३ चाच होता.

मधल्या १९७३ च्या गणनेबद्दल थोडक्यात : आकडा आला ७ कोटी ९७ लाखांवर, त्यातले जवळपास दोनतृतीयांश उत्तरेत. १९७५ मध्ये मुर्तला मोहम्मद यांच्या लष्करी सरकारनं ती रद्द केली. ते आकडे कुठे दिसले तर वापरू नका.

एका गणनेच्या आतल्या आतही तपासणी करता येते. जन्मतारीख ठाऊक नसलेला माणूस वय ३०, ३५, ४० असं सांगतो. २३ ते ६२ या वयांतल्या सगळ्यांची बेरीज घ्या. त्यातल्या २५, ३०, ३५ अशा ६० पर्यंतच्या वयांच्या लोकांची वेगळी बेरीज करून तिला पाचनं गुणा. तिला पहिल्या बेरजेनं भागून शंभरनं गुणा. उत्तर १०० च्या जवळ आलं तर वयं नीट नोंदली गेली आहेत, ५०० आलं तर प्रत्येकानं गोल आकडाच सांगितला आहे. यालाच व्हिपलचा निर्देशांक म्हणतात. मोठा निर्देशांक हा लबाडीचा पुरावा नव्हे, पण वयोगटांचे तक्ते किती सैल धरायचे ते त्यावरून समजतं.

प्रश्न : देशात मुसलमान जास्त की ख्रिस्ती? आणि हौसा, योरुबा, इग्बो यांचं प्रमाण किती?

उत्तर : १९९१ आणि २००६ या दोन्ही जनगणनांत धर्म आणि वांशिक समूह विचारलेच नाहीत. भांडणं टाळण्यासाठी ते प्रश्न मुद्दाम गाळले गेले. जनगणनेतून आलेली धर्माची शेवटची टक्केवारी १९६३ ची : सुमारे ४७ टक्के मुसलमान, ३४ टक्के ख्रिस्ती, उरलेले पारंपरिक धर्म पाळणारे. ती गणना कशी होती ते वर पाहिलंच.

आज जी टक्केवारी सगळीकडे फिरते ती २०१८ च्या लोकसंख्या व आरोग्य पाहणीवर आधारलेली आहे. तिच्यानुसार मुसलमान ५३.५ टक्के, रोमन कॅथलिक १०.६ टक्के, इतर ख्रिस्ती ३५.३ टक्के. वांशिक समूहांत हौसा ३०, योरुबा १५.५, इग्बो १५.२, फुलानी ६, तिव आणि कनुरी प्रत्येकी २.४, इबिबिओ आणि इजॉ प्रत्येकी १.८ टक्के. राहिलेले जवळपास २५ टक्के शेकडो लहान समूहांचे आहेत, आणि ‘तीन मोठे समूह’ म्हणून विषय संपवला की नेमके हेच लोक नजरेआड होतात.

हे आकडे वापरताना एक लक्षात ठेवा. या पाहणीचा मुख्य भर १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांच्या मुलाखतींवर असतो, आणि ती जननदर, लसीकरण, बालमृत्यू मोजण्यासाठी आखलेली असते. धर्माचा समतोल ठरवणं हा तिचा हेतूच नाही. त्यामुळे ५३.५ मधला ‘.५’ सोडून द्या आणि ‘निम्म्याच्या आसपास, बहुधा थोडे जास्त’ एवढंच म्हणा. ‘उत्तर मुसलमान, दक्षिण ख्रिस्ती’ ही विभागणीसुद्धा ढोबळच आहे. नैऋत्येकडच्या योरुबांमध्ये दोन्ही धर्मांचे लोक मोठ्या संख्येनं आहेत, अनेकदा एकाच कुटुंबात. मधल्या पट्ट्यातल्या प्लॅटो, बेन्वे या राज्यांत ख्रिस्ती समाज मोठा आहे, आणि भूगोलाच्या पुस्तकात तीही उत्तरेतच मोडतात.

प्रश्न : प्रत्यक्ष मोजणी कशी होते? चुका कुठे शिरतात?

उत्तर : आधी सगळा देश लहान लहान प्रगणन गटांत वाटतात. एका प्रगणकाला ठरलेल्या दिवसांत पुरा करता येईल एवढाच गट असावा लागतो, आणि त्याची सीमा जमिनीवर ओळखता आली पाहिजे : रस्ता, ओढा, भिंत. मग इमारतींना क्रमांक देऊन घरयादी करतात. शेवटी माणसं मोजतात. २००६ मध्ये गट आखायला उपग्रहचित्रं आणि जीपीएस वापरलं, अर्ज यंत्रानं वाचता येतील असे छापले, आणि मोजणीच्या दिवसांत लोकांच्या फिरण्यावर निर्बंध घातले.

या निर्बंधांचं कारण म्हणजे गावी जाण्याची ओढ. शहरात राहणारी अनेक माणसं, विशेषतः आग्नेयेकडची, मोजणीसाठी मूळ गावी जाऊ पाहतात, कारण निधी आणि जागा गावाच्या नावावर पडाव्यात असं त्यांना वाटतं. मोजणी ‘त्या वेळी जिथे हजर असेल तिथे’ या तत्त्वावर असेल तर अशा प्रवासानं शहर रिकामं आणि गाव फुगलेलं दिसतं. फिरतीवरचे फुलानी गुराखी याच पद्धतीत सहज सुटतात किंवा दोनदा मोजले जातात. उत्तरेतल्या काही घरांत परका पुरुष आत जाऊ शकत नाही. स्त्री प्रगणक नसेल तर घरातल्या बायका-मुलांची संख्या कुटुंबप्रमुख सांगेल तीच लिहिली जाते.

२००६ च्या आकड्यांत ७,१३,४५,४८८ पुरुष आणि ६,९०,८६,३०२ स्त्रिया आहेत, म्हणजे १०० स्त्रियांमागे १०३ पुरुष. एवढा फरक दिसला की कुठल्या वयोगटात स्त्रिया मोजायच्या राहिल्या असतील, हे तपासायलाच हवं.

प्रश्न : मग नवी जनगणना का होत नाही?

उत्तर : नायजेरियाच्या राज्यघटनेत दर दहा वर्षांनी घ्याच, अशी सक्ती नाही. आयोग तयारी करतो, पण पैसा आणि हुकूम राष्ट्राध्यक्षांकडून येतो. २०१६ साल असंच गेलं. मग सर्व ७७४ क्षेत्रांत प्रगणन गट आखून झाले आणि ३ मे २०२३ ही सुरुवातीची तारीख ठरली. एप्रिलच्या अखेरीस, सत्तांतर महिन्यावर आलेलं असताना, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बुहारी यांच्या सरकारनं निर्णय पुढच्या सरकारवर सोडला.

मोजणी झाली तरी काम संपत नाही. कलम २१३ नुसार अहवाल राष्ट्राध्यक्षांना मिळाल्यावर ३० दिवसांत तो कौन्सिल ऑफ स्टेटपुढे ठेवावा लागतो. या परिषदेत माजी राष्ट्रप्रमुख आणि सगळ्या राज्यांचे गव्हर्नर बसतात. जनगणना चुकीची वाटली तर अहवाल फेटाळा असा सल्ला ही परिषद देऊ शकते, आणि मग तो अहवाल कुठेच वापरता येत नाही. ज्यांच्या राज्यांचा निधी आकड्यावर ठरतो, त्यांच्याच हाती त्या आकड्याची मान्यता आहे. तारखा पुढे ढकलण्यापेक्षा हा दोष आम्हाला मोठा वाटतो.

प्रश्न : २१०० साली नायजेरियात ७० कोटींहून जास्त लोक असतील असं वाचलं. हे खरं मानायचं?

उत्तर : तो संयुक्त राष्ट्रांचा २०१९ चा अंदाज होता : ७३ कोटी ३० लाख. २०२२ च्या आवृत्तीत तो ५४ कोटी ६० लाखांवर आला, २०२४ च्या आवृत्तीत ४७ कोटी ७० लाखांवर. पाच वर्षांत पंचवीस कोटींहून जास्त माणसं अंदाजातून कमी झाली. कारण जननदर धरला होता त्यापेक्षा लवकर उतरतो आहे. पाहणीनुसार एका बाईला होणारी सरासरी मुलं २०१८ मध्ये ५.३ होती, २०२३-२४ मध्ये ४.८.

पण ही सरासरी फार मोठा फरक पोटात घेऊन बसली आहे. २०१८ मध्ये वायव्येतल्या कात्सिना राज्यात हा आकडा ७.३ होता आणि लागोसमध्ये ३.४. शाळेत न गेलेल्या स्त्रियांमध्ये ६.७, माध्यमिकच्या पुढे शिकलेल्यांमध्ये ३.४. मुलींची शाळा वायव्येत किती लवकर पोचते यावर पुढचा आकडा बराच ठरेल.

जननदर उतरला म्हणजे वाढ थांबली असं मात्र नाही. दर १०० जणांत ४० हून जास्त पंधरा वर्षांखालचे आहेत, आणि निम्मा देश साधारण अठराच्या खाली. या मुली आई होण्याच्या वयात येणार आहेत, त्यामुळे प्रत्येकीनं कमी मुलं जन्माला घातली तरी एकूण जन्म बराच काळ भरपूर राहतील. म्हणूनच २०५० चा अंदाज, सुमारे ३६ कोटी, २१०० च्या अंदाजाइतका हललेला नाही. तोपर्यंतच्या बऱ्याच माता आधीच जन्मलेल्या आहेत.

प्रश्न : मतदारयादीवरून लोकसंख्या काढता येत नाही का?

उत्तर : नाही. २०२३ च्या निवडणुकीच्या यादीत ९ कोटी ३४ लाख ६९ हजार नावं होती. तिच्यात मुलं नाहीत, नोंदणी न केलेले प्रौढ नाहीत, आणि मृतांची सगळी नावं निघालेली नसतात. दोन्हीकडच्या चुका किती, हे कळल्याशिवाय ती संख्या कशानंही गुणून उपयोग नाही.

प्रश्न : जनगणनाच नाही, तर लसी किती पाठवायच्या हे ठरवतात कसं?

उत्तर : जुन्या अंदाजावर ठरवलं तर काय होतं ते उत्तर नायजेरियातल्या पोलिओ मोहिमेत दिसलं. लक्ष्य कमी धरलेलं असेल तर कागदावर लसीकरण शंभर टक्क्यांच्या वर जातं, आणि तरीही वस्त्याच्या वस्त्या राहून जातात. हातानं काढलेल्या नकाशांत त्या वस्त्याच नव्हत्या. म्हणून उपग्रहचित्रांवरून घरांचे पुंजके शोधून नवे नकाशे केले गेले.

त्यातूनच पुढची पद्धत आली. चित्रांवरून वस्त्यांचे प्रकार पाडायचे : दाट जुनं शहर, आखलेली वसाहत, शेतातली विखुरलेली घरं. प्रत्येक प्रकारातले काही छोटे तुकडे निवडून तिथली माणसं खरोखर मोजायची. त्यावरून घनता काढून बाकीच्या प्रदेशाला लावायची, आणि साधारण १०० मीटर लांबी-रुंदीच्या चौकटीगणिक अंदाज मांडायचा. साउदॅम्प्टन विद्यापीठातला वर्ल्डपॉप गट आणि ग्रिड३ हा प्रकल्प असे नकाशे मोफत देतात.

यातही चूक होते, आणि ती कुठे होते हे ठाऊक असलेलं बरं. छप्पर दिसतं, पण खाली माणूस आहे की नाही ते दिसत नाही. बोर्नो राज्यात हिंसाचारामुळे सोडलेली गावं चित्रात वस्ती म्हणूनच दिसतात, आणि तिथून निघालेले लोक राज्याची राजधानी मैदुगुरीत आधीच्याच घरांत दाटीनं राहत असतील तर नकाशात एकही छप्पर वाढत नाही. तिथे निर्वासित छावण्यांची नोंद आणि ताजी पाहणी जोडल्याशिवाय हा नकाशा वापरू नये.